पडद्यावर लागलेले लग्न

माझ्या लग्नात फोटो काढायचा की सिनेमा, यावर आमच्या केडगावच्या घरात बरेच दिवस वाद चालला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षे. लग्नात फोटोवाला बोलावणे हेच तेव्हा अप्रूप होते. कापडबाजारातला एकजण जवळजवळ ठरलाही होता. पण थोरल्या भावाच्या, दादाच्या मनात वेगळेच होते. नगरच्या मिशनच्या शाळेत त्याला शिकवलेल्या एका सरांपाशी, मायदेशी परतलेल्या पाद्र्याने मागे ठेवलेला छोटा सिनेमा-कॅमेरा होता. चावी दिली की तो रातकिड्यासारखा किरकिरे. त्यातून उतरणारी चित्रे मात्र मुकी.

दादाचा हा हट्ट आईसाठी होता. आमच्याकडे लेकीचे लग्न लागताना आईने पाहायचे नसते. मंगलाष्टके सुरू झाली की ती मागच्या दारी तुळशीपाशी जाते, पाणी घालत बसते, आणि मांडवात वाजंत्री कडाडली की मगच उठते.

“आई, तुला समदं लगीन दिसंल. हलतं, चालतं!”

“मला साधा फोटू काढा रं. भिताडाला लावीन.”

“फोटू काय, कुनीबी काढतं.”

“मंग सिनेमा तुज्या लग्नात काढ. घोड्यावरचं माकड हलताना लई ब्येस दिसंल.”

सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता दादाच्या बाजूने बोलले. दोन्ही जमणार नाही, असे वडिलांनी सांगितल्यावर फोटोवाल्याला नकार गेला.

लग्न झाले. फिल्म मुंबईला धुवायला गेली, आणि ती परत आली तेव्हा मी माहेरपणाला आले होते. दिवेलागणीनंतर सरांनी सिनेमा दाखवायचे यंत्र मांडले. वडिलांचे पांढरे धोतर भिंतीवर ताणले. तापलेल्या दिव्याचा, करपल्या धुळीचा वास खोलीभर पसरला आणि त्या कापडावर माझी हळद उजळली; ओल्या मनगटांवरून पिवळे पाणी ओघळू लागले. आई अगदी पुढे बसली होती. तिच्या गालांवर तो पिवळा उजेड हलत होता.

मग अंतरपाट धरला गेला. आईने पदर डोक्यावर ओढला आणि ती उठली.

“आई, कुठं निगालीस? आता तर लागतंय!”

“म्हनून तर चालले.”

“अगं, कवाच लागून गेलं ते!”

“फोटूत लागून गेल्यालं असतं. हितं लागाया लागलंय. झालं की हाक मार.”

कोणीच हसले नाही. यंत्र किरकिरत राहिले. मागच्या अंगणातून पाण्याची धार ऐकू आली, बारीक, न तुटणारी. मी दाराच्या काळोखाकडे पाहत राहिले. मान वळवली तेव्हा भिंतीवर कोरे धोतर होते. हार घालून झाले आणि तिथेच रीळ संपले, सर ओशाळून म्हणाले.

आई ओल्या हातांनी आत आली. त्या कोऱ्या उजेडाकडे तिने क्षणभर पाहिले.

“म्होरं?”

“म्होरं न्हाई,” दादा म्हणाला. “परत लावू का?”

“नगं. परत लागंल.”

ती माझ्याजवळ टेकली. तिच्या बोटांना ओल्या मातीचा वास होता.

“हार घालताना हसलीस का गं?”

मी आठवू लागले. गळ्याला टेकलेल्या निशिगंधाचा गारवा आठवला, केसांत अडकलेल्या अक्षता आठवल्या, वाजंत्रीने कानांत उठलेली कळ आठवली. चेहरा आठवेना. तो कापडावर होता तेव्हा मी दाराकडे पाहत होते.

“हसले असेन,” मी म्हणाले.

आईने मान हलवली आणि ती भिंतीवरचे धोतर सोडवू लागली.