भीमाच्या घरचं सुतक

भीमा कोळ्याची जीभ त्याच्या होडीपेक्षा लांब जायची. भंडारदऱ्याच्या पाण्यापल्याडच्या वाडीत राहून तो जाळं टाकायचा आणि भेटेल त्याला जेवायचं आवतण द्यायचा. भल्या सालात ते पाळायचाही. म्हातारी आई बनुबाई चुलीपुढून उठायचीच नाही. भीमाच्या दारातून कुणी उपाशी गेलं, असं म्हणायची वाडीत कुणाची छाती नव्हती.

पण बहात्तर साल भलं नव्हतं. भात करपला आणि घरात रेशनचा तांबडा मिलो आला. त्याची भाकरी थापता थापता तुटायची. हे धान्य परदेशात डुकरांना घालतात, असं लोक म्हणायचे. तरी धरणाच्या भिंतीपाशी पुण्याचं एक जोडपं शिडाची होडी पाण्यात लोटताना दिसलं आणि भीमाला राहवलं नाही.

"वाडीला या. मासं नि आंबेमोहोराचा भात खाऊ घालतो."

बोलाचाच भात, बोलाचीच कढी. एवढ्या लांब कोण येतंय, असं त्याला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते शीड वाडीच्या काठाला लागलं. भीमाच्या जाळ्यात सकाळपासून मासोळी नव्हती. त्या जोडप्यातल्या पुष्पावतीबाई चपला हातात घेऊन चिखलातून हसत वर आल्या, मागून त्यांचे यजमान.

"आलो बरं का भीमा, तुमच्याकडे जेवायला!"

ती तांबडी भाकरी यांच्यापुढे ठेवायची? भीमाची कानशिलं तापली आणि तोंडाला येईल ते तो बोलून बसला.

"बाईसाहेब, घरात सुतक हाय. म्हातारी गेली काल."

सुतकाच्या घरी पाहुणा पाणीसुद्धा मागत नाही. भीमाला तेवढंच हवं होतं. पण म्हातारी तर कुडाच्या आतच बसली होती, आणि तिच्या कानात काही बिघाड नव्हता.

पाहुणेही लगेच गेले नाहीत. दुःखाच्या दारातून तसंच कसं फिरायचं, म्हणून दोघं अंगणात टेकली.

"काय होत होतं आईंना?" बाईंनी हळूच विचारलं.

"खोकला," भीमा म्हणाला.

तेवढं मात्र खरं होतं. त्या खोकल्यानं एरवी कूड हलायचा. आज आतून हूं की चूं नव्हतं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला असणार, हे भीमाला बाहेर बसून कळत होतं.

उठताना बाई होडीकडे गेल्या आणि फडक्यात बांधलेल्या दशम्या घेऊन आल्या. सुतकात चूल पेटत नाही, भाकरी बाहेरच्यांनी द्यायची, ही रीत पुण्यातही ठाऊक होती.

"रात्रीपुरत्या आणल्या होत्या. आमचं होईल काहीतरी. तुम्ही दोन घास खा."

भीमानं हात पुढे केला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वारा सुटला, शीड दूर गेलं, तेव्हा कुठे तो आत वाकला. बनुबाईनं पदर तोंडातून काढला आणि खोकत सुटली. त्यानं पाणी दिलं. मग त्याला चुलीशेजारच्या दोन पितळ्या दिसल्या. घासून लख्ख केलेल्या. प्रत्येकीत मिलोची भाकरी, लसणाची चटणी, भाजलेली सुकी मासळी. पाहुण्यांचा आवाज ऐकताच तिनं वाढून ठेवलं होतं.

दशम्यांचं फडकं हातात धरून भीमा खाली बसला. आईकडे बघायचं त्याला धाडस होईना.

खोकल्याची उबळ ओसरल्यावर बनुबाई म्हणाली, "मी जिती असते, भीमा, तर पाव्हन्यास्नी उपाशी जाऊ दिलं नसतं."