मामंजींच्या कानातला मोती

लग्न होऊन मी तंजावराहून कुंभकोणमला आले, तेव्हा माझे सासरे उजव्या कानाने जवळजवळ बहिरे झाले होते. त्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. कावेरीत बुडी मारली की त्या कानात पाणी अडकायचं आणि मामंजी एका पायावर उड्या मारत घरभर फिरायचे. माणूस दरबारी घराण्यातला. तंजावरचं मराठी राज्य जाऊन इंग्रज आले त्यालाही दोन पिढ्या लोटल्या होत्या, पण ऐट शाबूत होती. उड्याही ऐटीतच मारायचे.

एका सकाळी सासूबाईंनी त्यांना उन्हाकडे कान करून बसवलं आणि आत डोकावून पाहिलं.

"अगोबाई, आत काहीतरी पांढरं चकाकतंय. गोल, मोत्यासारखं."

'सारखं' एवढं मामंजींना ऐकू आलं नाही.

"मोती!" ते ताडकन उठले. "आमच्या पणजोबांच्या उजव्या कानात भिकबाळी होती. ते रक्तात उतरणारच!"

तेव्हापासून कानात तेल बंद, उजव्या कुशीवर झोपणं बंद. जवळच्या मरुदानल्लूर गावी भजनाला निघाले की कानावरून रेशमी रुमाल. मोती बघायला शेजारपाजार लोटू लागला आणि सगळ्यांना कॉफी देता देता माझा पिट्टा पडला. एक म्हातारे गृहस्थ तर कानाला लांबूनच नमस्कार करून गेले.

पुढे कान ठणकायला लागला. मामंजी कण्हायचे, पण अभिमानाने. शेवटी माझ्या यजमानांनी त्यांना सरकारी इस्पितळात नेलं. सोबत सासूबाई आणि मीही गेलो.

डॉक्टर तमिळ होते, कपाळावर गोल आरसा बांधलेले. त्यांनी कानात नळी घालून उजेड पाडला आणि बारीक सळीने आतली गाठ हलकेच टोकरली.

"एलुंबु," ते म्हणाले.

मामंजींना तमिळ आमच्याहून चांगलं यायचं. तरी त्यांनी मुलाकडे बघून विचारलं, "काय म्हणतो हा?"

"हाड आहे म्हणतात."

"हाड? माझ्या कानात?"

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. मांसाची गाठ असती तर मऊ लागली असती. ही टणक आहे, एकच आहे आणि बारीक देठावर उभी आहे. असं क्वचितच बघायला मिळतं. ती पसरणार नाही, जिवालाही धोका नाही. पण तिच्यामागे मळ आणि पाणी साचतं, म्हणून ठणका. काढली की ऐकू येईल.

"आणि मोतीच निघाला तर?"

"मग शिंपलाही शोधू," डॉक्टर म्हणाले.

जे निघेल ते आपल्या हातात द्यायचं, या अटीवर मामंजी तयार झाले. आधी काही दिवस औषध घालून सूज उतरवली. मग क्लोरोफॉर्म दिला. मामंजींचं भजन आम्हाला बाहेर ऐकू येत होतं, ते अर्ध्या ओळीवर थांबलं. डॉक्टरांनी लहानशा छिन्नीने देठावर टिचकी मारली आणि गाठ सुटली.

शुद्धीवर आल्यावर मामंजींनी ती तळहातावर घेतली. तुरीच्या दाण्याएवढी, पांढरी. बराच वेळ फिरवून पाहिली.

"हाडच की," ते बारीक आवाजात म्हणाले. मग एकदम चेहरा उजळला. "म्हणजे या माझ्या अस्थी झाल्या! कावेरीत सोडायला हव्यात."

सासूबाई कडाडल्या, "मी अजून कुंकू लावतेय! जित्या माणसाच्या कसल्या अस्थी?"

भटजींना विचारलं. ते डोळे मिटून बसले, मग म्हणाले, "मनाई अशी कुठे वाचली नाही."

"आणि सुतक?" मामंजींनी विचारलं.

"पाळायचंच असेल तर कानापुरतं पाळा."

कानाला पट्टी बांधलेले मामंजी केळीच्या पानावर तो दाणा घेऊन घाटावर उतरले. मागून यजमान, त्यांच्या मागून मी. सासूबाई आल्या नाहीत. पाण्यात उभ्या असलेल्या शेजाऱ्याने आमचे चेहरे पाहिले आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं हो?"

"मीच," मामंजी म्हणाले. "थोडासा."

पट्टी सुटल्यावर त्यांना लख्ख ऐकू यायला लागलं. पहिल्याच भजनाला ते, टाळ इतके जोरात कशाला बडवता, म्हणून सगळ्यांशी भांडून आले.