तक्रारताईची चाळण

पाणीपुरवठा कंपनीच्या ऑफिसात तिला सगळे तक्रारताई म्हणायचे. हे नाव कोणी पाडलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण ते चिकटलं आणि तिनेही ते कधी झटकलं नाही. कंपनी शहराबाहेरच्या वसाहतींना नळाने पाणी द्यायची. पाणी आलं नाही, गढूळ आलं, की लोक तिला फोन करून बोंबलायचे. कोण उगाच भांडतंय आणि कोणाच्या घरात खरंच थेंब नाही, हे तिला आवाजावरून कळायचं.

मग साहेबांनी खर्च कमी करायचा म्हणून फोन बंद केले. तक्रार असेल तर वेबसाइटवर फॉर्म भरा. फॉर्म तिनेच तयार केला. असे फॉर्म बनवू देणारी एक इंटरनेट सेवा होती, तिथे रकाने ओढून जागेवर ठेवले की झालं. नाव, पत्ता, तक्रार, खाली हिरवं बटण. बटण दाबलं की 'आपली तक्रार मिळाली, धन्यवाद' असं उमटायचं.

पण फॉर्ममधून माणसांपेक्षा कचराच जास्त यायला लागला. टक्कल घालवायचं तेल, कागदपत्रांशिवाय कर्ज, कुठल्या तरी परदेशी विधवेची बेवारस इस्टेट. "त्या विधवेकडे पाणी येतंय का विचार एकदा," शेजारच्या टेबलावरचा हिशेबनीस म्हणायचा. ती हसायची, पण सकाळचा सगळा वेळ तो कचरा उपसण्यात जायचा आणि खऱ्या तक्रारी दुपारवर ढकलल्या जायच्या.

अशात त्या सेवेकडून मेल आला. आजवर स्पॅम आम्ही अडवत होतो, सगळ्यांना एकच चाळण लावून. आता ती आपल्या हाती देत आहोत. आपल्या फॉर्मसाठी ती किती बारीक ठेवायची, ते आपणच ठरवा.

तिने पान उघडलं. कोणते शब्द अडवायचे, कोणत्या देशातून आलेलं नाकारायचं, सगळ्यासाठी वेगवेगळी बटणं होती. साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"सगळं चालू कर."

एका बटणापाशी तिचा हात थांबला. 'थोड्या वेळात आलेले एकसारखे मजकूर, पहिल्यासकट, परस्पर बाजूला टाका.'

"साहेब, हे जरा विचार करून करू या का?"

"विचार कसला? तोच मजकूर पन्नास वेळा माणूस पाठवतो का? मशीनच पाठवतं."

तिलाही ते पटलं. तिने बटण दाबलं.

दुसऱ्या दिवसापासून सगळं शांत झालं. तेल गेलं, विधवा गेली. मोजक्या तक्रारी यायच्या, त्या ती जेवणाच्या सुट्टीआधी निकाली काढायची. साहेबांनी मीटिंगमध्ये तिचं कौतुक केलं. फक्त तिलाच चैन पडेना. त्या आठवड्यात तळ्याकडच्या वसाहतीत मोठी जलवाहिनी खोदून दुरुस्त केली होती. एरवी असं काम झालं की निदान गढूळ पाण्याच्या तक्रारी यायच्याच. या वेळी त्या वसाहतीतून चकार शब्द नव्हता.

"काम चांगलं झालं असेल," हिशेबनीस म्हणाला.

"आपल्याकडे?" ती म्हणाली. दोघं हसले आणि विषय तिथेच राहिला.

त्याच वसाहतीत तिची नणंद राहायची. सासूबाईंनी कोणाकडे राहायचं यावरून दोघींचं इतकं बिनसलं होतं की वर्षभर बोलणं बंद होतं. सासूबाई लेकीकडे राहत होत्या. नवरा आईला भेटून यायचा आणि इकडचं तिकडे न करण्याची कसरत करायचा.

एका दुपारी त्याचा फोन आला. "आईला दवाखान्यात नेलंय. जुलाब थांबत नाहीत. तू ये."

दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बाकं भरली होती, माणसं भिंतीला टेकून खाली बसली होती. कोणाच्या मांडीवर मूल होतं, कोणाच्या हातात सलाइनची बाटली. नर्सने एका बाईला पत्ता विचारला, मग पुढच्या माणसाला विचारला. दोघांनी तळ्याकडचीच वसाहत सांगितली.

नणंद आईच्या पलंगापाशी उभी होती. वहिनीला बघून तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"आलीस? आता वेळ मिळाला?"

"मला आत्ताच कळलं."

"आत्ता? पाण्याला घाण वास येतोय म्हणून मी तुझ्या फॉर्ममध्ये लिहिलं. तोच मजकूर गल्लीच्या ग्रुपवर टाकला, म्हटलं सगळ्यांनी पाठवा. शंभरेक जणांनी पाठवला असेल. सगळ्यांना तुझा धन्यवाद आला! मला वाटलं, माझं नाव बघून तू मुद्दाम बाजूला टाकलंस."

"शप्पथ, मी वाचलंच नाही गं."

"हे तर त्याहून वाईट," नणंद म्हणाली.

तक्रारताईने तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर फॉर्मचं पान उघडलं. बाजूला टाकलेल्या मजकुरांची पेटी तिने कधी बघितलीच नव्हती. ती खाली सरकवत गेली. 'नळाच्या पाण्याला गटारासारखा वास येतो, मुलं आजारी पडत आहेत, कृपया लगेच बघा.' पुन्हा तेच. पुन्हा तेच. नाव वेगळं, घर वेगळं, मजकूर तोच. जितकी जास्त माणसं ओरडली, तितकी चाळणीची खात्री पटत गेली की हे मशीन आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे सगळ्या वसाहतीलाच दिली होती.

तिने पंपावरच्या माणसाला फोन लावला. "तळ्याकडचा व्हॉल्व्ह बंद कर. आत्ता."

"साहेबांचं लेखी लागतं, ताई."

"साहेबांचं मी बघते. लोक मरतील, बंद कर!"

त्याने बंद केला. दुरुस्तीच्या वेळी गटाराची वाहिनी फुटली होती, ते नंतर खोदल्यावर दिसलं. तोवर नणंदेच्या शेजारचे शिलाईवाले काका गेले होते.

साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, स्वतः उठून दार लावलं आणि चहा मागवला. त्यांनी कधी कोणासाठी चहा मागवल्याचं तिला आठवत नव्हतं.

"चौकशी लागणार. आपण काय सांगायचं? आपल्याला तक्रार मिळालीच नाही. यात खोटं काय आहे?"

तिने चहाचा कप बाजूला सारला.

"त्या पेटीत 'सगळं पुसा' असं बटण असेल ना?"

"आहे."

"चाळण तुझ्या नावावर आहे, ताई. बटण तू दाबलंस, कधी दाबलंस तेही तिथे दिसतं. पहिली मान तुझीच अडकेल. मी तुझ्या भल्याचंच सांगतोय." ते इतक्या हळू बोलत होते की तिला पुढे वाकून ऐकावं लागलं.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "काकांनी माझा लग्नातला कोट शिवला होता."

चौकशी सुरू झाली त्या सकाळी तिने पेटीतला मजकूर जसाच्या तसा चौकशी अधिकाऱ्याच्या हाती दिला. बटण आपणच दाबलं हेही सांगितलं, आणि खुर्चीमागे कोण उभं होतं तेही. पहिलं त्यांनी लिहून घेतलं. दुसऱ्याला साक्षीदार नव्हता. हिशेबनीस म्हणाला, आपलं लक्ष नव्हतं.

तिची नोकरी गेली. साहेबांची बदली झाली, जरा वरच्या जागेवर.

आता ती एका दवाखान्याच्या चौकशी खिडकीवर बसते. नणंद बोलते, पण कामापुरतं. सासूबाई बऱ्या होऊन सुनेकडे राहायला आल्या. सून पाणी उकळून, गाळून देते. त्या पेला खिडकीच्या उजेडात धरतात, हुंगतात, पुन्हा उजेडात धरतात. सून समोर उभी असते. कधी कधी त्या पेला तसाच खाली ठेवतात आणि म्हणतात, "राहू दे, तहान नाही."