भिंतीतली हाक

"आयकतेस का गो?"

कोलशेतच्या बंगल्यात किचनच्या भिंतीतून हा आवाज पहिल्यांदा आला, तेव्हा माझ्या हातातलं उलथणं पडलं.

साहेबांनी घर बांधतानाच धूळ ओढायचं मशीन बसवून घेतलेलं. मशीन खाली गॅरेजमध्ये, पाइप भिंतींतून फिरवलेले. प्रत्येक खोलीच्या भिंतीत एक झाकण. तिथे नळी खुपसली की कचरा थेट खालच्या डब्यात. साहेबांची आई, मी तिला आजी म्हणायचे, वरच्या खोलीत असायची. गुडघे गेलेले, जिना बंद. तिने झाकण उघडून आत तोंड घातलं आणि मला हाक मारली. तरुणपणी मिठागरात राबलेली बाई, हाक खाडीपलीकडे पोचेल अशी.

मी हिंगोलीकडची, सातवीत शाळा सुटलेली. नोकरी जाईल या भीतीने एकेक कप दोनदा विसळायचे. आजीने सांगितलं तसा मी किचनच्या झाकणाला कपड्यांचा चिमटा लावून ते उघडं ठेवलं. वरच्याला तिने लावला. मग दिवसभर गप्पा.

एकदा मी मायला फोनवर म्हटलं, जेवले. फोन ठेवते तोच भिंत बोलली, "खोटारडी! कवा जेवलीस? आदी ताट घे."

तुम्ही मोठ्या घरांत काम केलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, असं विचारणारं तिथे कुणी नसतं.

त्याच आठवड्यात मशीन ओढेनासं झालं. साहेबांनी डबा रिकामा केला, फिल्टर धुतला, नळी झटकली. काही नाही. "पाइपात काय घातलंस?" आता गाडी पकडायची गावची, एवढंच डोक्यात.

मेकॅनिक फोनवर म्हणाला, "एखादं झाकण उघडं नाही ना? हवा तिथूनच घुसते, मग ओढणार काय?"

साहेबांना किचनमधला चिमटा दिसला. "हे कोणी केलं?"

"मी!" भिंत गरजली. "तिला बोल्लास त आज जेवाची नाय मी!"

साहेब भिंतीकडे बघत राहिले. मग हसूच फुटलं त्यांना. "झाडू आहे ना गं? मग झाडूच मार."

चिमटे राहिले. आजी नाही राहिली. झोपेतच गेली. त्या सकाळी मी भिंतीला दोनदा विचारलं, "आजी, चहा टाकू?" मग धावत वर गेले.

तेराव्यानंतर साहेबांनी चिमटे काढले. मशीन आता कोपऱ्यात सांडलेलं मीठसुद्धा ओढून घेतं.

काल चटणी वाटत होते. मागे वळले तर साहेब भिंतीशी उकिडवे बसलेले. बोटाने झाकण उचलून, कान लावून.

मी मिक्सर बंद केला.