नागोजीनं बांधलेल्या चिठ्ठ्या

अंबत्तूरच्या कारखान्यात नागोजीनं एकतीस वर्षं लेथ चालवला. मशीन भंगारात निघालं की चांगले भाग तो आधी काढून घ्यायचा आणि प्रत्येकाला चिठ्ठी बांधायचा: किती झिजलाय, कुठं चालेल. चिठ्ठीशिवाय त्याच्या हातून वायसरसुद्धा सुटायचा नाही.

त्यामुळे लेकीनं, रंजनीनं, अवयवदानाचा फॉर्म आणला तेव्हा नुसत्या खुणा करून त्याचं भागेना. समासात त्यानं लिहिलं: 'मूत्रपिंडं: दोन्ही चालू. हृदय: आवाज नाही. डावा डोळा: लोखंडाचा कण उडाला होता, जाड कामाला चालेल.'

"अप्पा, हे काय मोटारीचं सामान आहे?" रंजनीनं कपाळावर हात मारला. "आणि वेळ आली की दवाखान्यातले आईलाच विचारणार. ती नको म्हणाली, तर तुमच्या सहीचा काय उपयोग?"

आई, म्हणजे कनका, दोन महिने नकोच म्हणत होती. "डोळे देऊन वर गेलात, तर मला ओळखाल कसे?"

"तू बोलशीलच की."

पुढचे दोन दिवस सांबारात मीठ नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिनं फॉर्म ओढून घेतला. "कारखान्यात स्वतःच्या कामावर स्वतःच पास लिहीत होतात?"

"छे! तपासणारा वेगळा."

"मग सरका."

तिनं चष्मा लावला. 'यकृत: दर आयुधपूजेला कारखान्यामागं दोन घोट. मला कळत नाही असं यांना वाटतं.' नागोजी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. 'हृदय: आवाज आहे. लेकीच्या लग्नात मोरीत नळ सोडून रडले. गुडघे: कुणाला देऊ नयेत.'

डोळ्यांपाशी पेन थांबलं. मग तिनं लिहिलं, 'पास.'

"वर मी हाक मारीन," ती म्हणाली. "आवाजावर या."

"सवय आहे."

रंजनीनं फॉर्म पाहिला. "हा गेला वाया. नवा आणते."

"दोन आण," कनका म्हणाली. "एक माझा. यांनाही मला तपासू दे की."

फॉर्म आले. नागोजीनं कानामागची पेन्सिल काढली आणि बायकोला नखशिखांत न्याहाळलं. ती कमरेवर हात ठेवून उभी होती. जन्मात पहिल्यांदाच त्यानं काहीही न तपासता सगळ्यावर 'पास' लिहून टाकलं.

"कामचुकार," कनका म्हणाली.