चांदभाईंचा उरलेला पारा

निवृत्त मास्तर घरी बसला की त्याचे किस्से आटतात. मी सोलापुरातल्या एका मदरशात दुपारी मराठी आणि गणित शिकवायला जातो, त्यामुळे माझे वाढतच चाललेत. बायको म्हणते, यातले निम्मे तुमच्या चांदभाईंचेच. खरं आहे.

मदरशातली पोरं तिथंच राहतात. चांदभाई मात्र घरून येणारे विद्यार्थी, वय पंचेचाळीस! अक्कलकोट रोडला टॉवेलच्या मागावर कामाला. दहाव्या वर्षी वडील वारले, कुराण पाठ करणं अर्ध्यात सुटलं, ते आता पुरं करायचं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी वर्गात सलाम केला, तर दोन पोरं दचकून उभी राहिली. मागाच्या खडखडाटात जन्म गेलेला माणूस हळू कसा बोलणार?

*

जेवण फक्त तिथं राहणाऱ्यांना, असा नियम. स्वयंपाक करणाऱ्या खालाअम्मा नियमाच्या पक्क्या. त्या रोज दुपारी चांदभाईंना हाक मारायच्या, "मीठ बघा जरा." मीठ बघायला ताटभर भात, वर दालचा.

एकदा मी म्हणालो, "मीठ मी पण बघू का?"

"गुरुजी, तुमाला पगार हाय की."

*

पाठ म्हणून घ्यायला चांदभाईंना जोडीदार मिळाला अल्ताफ, वैरागचा, वय वर्षं दहा. डोळे वटारून विचारायचा, "चाचा, कल बी यहींच अटके थे ना?" चांदभाई मान खाली घालायचे. माझ्या तासाला तोच अल्ताफ पाढ्यात अडकला, की चांदभाई मागून बोटांनी उत्तर दाखवायचे. कारखान्यात खुणांनीच बोलायची सवय. मी दुसरीकडे बघायचो.

*

कुराणाचे तीस पारे, म्हणजे भाग; त्यातला एकच उरला आणि गाडी अडली. त्यांचे उस्ताद हाफिजसाहेब लई कडक, पाठ ऐकताना पंखासुद्धा बंद. त्या शांततेत चांदभाई चार ओळी म्हणायचे, थांबायचे, आणि उजवा हात आपोआप पुढं जायचा.

"हाथ कू क्या हुआ?"

"सूत की कांडी खतम हुई जैसा लगा, उस्ताद."

मागावर पाठ केलेलं मागाशिवाय येईना. तीनदा परत पाठवल्यावर चांदभाई मला म्हणाले, "गुरुजी, ऱ्हाऊ द्या आता. आपल्या नशिबात मागच हाय." मला फार वाईट वाटलं. मी जाऊन हाफिजसाहेबांना तसं सांगितलं.

*

दुसऱ्या दिवशी हाफिजसाहेब माझ्या स्कूटरवर मागे बसले. "चलो, कारखाने."

पंखा न खपणारा माणूस बारा मागांच्या मधे स्टूल टाकून बसला, चांदभाईंच्या तोंडाशी कान लावून. चांदभाई माग चालवत म्हणत होते, कुठंही अडखळत नव्हते. मालक नरसय्याशेठ दारात उभे राहून बघत होते.

अर्धा पारा झाला आणि लाईट गेली. बाराही माग एकदम गप्प.

चांदभाईंचा हात पुढं गेला, हवेत थांबला. आवाज मात्र थांबला नाही. तोच मागावरचा मोठा आवाज, पार रस्त्यापर्यंत जाणारा.

थोड्या वेळानं लाईट आली. कामगारांचे हात स्विचकडे गेले.

नरसय्याशेठनी बोट वर केलं. "थांबा. त्याचं होऊ द्या."