विहिरीची अंगाई

माझ्या मुलीला मी अंगाई म्हणून जे गायचे, ती अंगाई नव्हतीच. चांदोबा-चिऊकाऊ मला येत नव्हतं असं नाही, पण पोर रडायला लागली की तोंडात यायचं ते बाबांचं विहिरीचं गाणं.

माझे बाबा भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातले. दिवसा दुसऱ्याच्या शेतात मजुरी, आणि पिकं निघाली की चार-पाच जण ढोलकी घेऊन गावोगाव जलसा करायचे. गाणी स्वतः रचायचे. एका गावात आमच्या लोकांकडून विहीर खणून घेतली आणि पाणी लागल्यावर त्यांनाच काठाला शिवू दिलं नाही. त्या गावाच्या चावडीसमोर उभं राहून बाबा गायले, "विहीर खणली कुणी, सांगा, पाणी प्यालं कुणी?" दगड पडले. पुढच्या साली ते मुद्दाम त्याच गावात गेले. आमच्या वस्तीतल्या बायकांनी मग ते गाणं पाळण्याशी नेलं, आणि आम्ही सगळी पोरं त्यावरच झोपलो.

लग्न होऊन मी लखनौला आले. ह्यांची नोकरी अमौसीला, विमानतळावर, सरकारी. घर सरोजिनी नगरमध्ये. डोक्यावरून विमान गेलं की बोलणं अर्ध्यात सोडायचं आणि ते गेल्यावर तिथूनच उचलायचं, ही आमच्या घरची रीत. लेक इथलीच. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत.

गेल्या हिवाळ्यात तिच्या कॉलेजात ठेकेदार बदलला आणि झाडू-पोछा करणाऱ्या बायकांना एका दिवसात घरी बसवलं. बायका घरी बसल्या नाहीत, कॉलेजच्या गेटसमोर बसल्या. काही मुलंमुली त्यांच्या शेजारी जाऊन बसली, त्यांत आमची. मला हे कळलं ते शेजारणीच्या मोबाइलवर. "भाभी जी, ये आपकी बिटिया है ना?" व्हिडिओत माझी लेक सतरंजीवर मांडी घालून विहिरीचं गाणं म्हणत होती. उच्चार थोडे हिंदी वळणाचे, पण चाल थेट बाबांची. एक ओळ गायची आणि बायकांना तिचा अर्थ हिंदीत सांगायची. मराठीचं अक्षर न कळणाऱ्या त्या बायका ठेक्यावर बरोब्बर टाळ्या देत होत्या. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मला शेजारणीसमोरच रडू आलं. तिला वाटलं, मी घाबरले. मला अभिमान वाटला होता.

घाबरायची वेळ पुढे आली. कॉलेजनं आम्हा दोघांना बोलावलं. लेकीचं शेवटचं वर्ष, परीक्षा तोंडावर. कचेरीतले साहेब फार गोड बोलले, चहा मागवला, शेवटी लखनौच ते. "देखिए, बच्ची अच्छे घर की है. किसी बाहर वाले ने सिखा दिया होगा." लेकीच्या नावानं मजकूर टाइप करून तयारच होता. बाहेरच्या लोकांच्या बहकाव्यात येऊन मी हे गाणं गायलं, पुन्हा असं होणार नाही. सही केली तर परीक्षेला बसता येईल. नाही केली तर वर्ष गेलं.

हे लगेच म्हणाले, "हाँ सर, बाहर वाले ही होंगे." माणूस वाईट नाही. आयुष्यभर साहेबांपुढे मान खाली घालून नोकरी टिकवली, त्यातच आमचं घर उभं राहिलं. पण मला राहवलं नाही.

मी म्हटलं, "बाहर वाला कोई नहीं है. मैंने सिखाया है. पालने में."

साहेब हसले. ह्यांना म्हणाले, "माताजी भावुक हो रही हैं." आणि कागद लेकीपुढे सरकवला. तिनं माझ्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि सही केली.

मी तिला बोल लावत नाही. तिच्या वयात मीही तेच केलं असतं. राग आहे तो त्या कागदावर. त्या कागदात मी आणि माझे बाबा बाहेरचे ठरलो, पोटची पोर आमच्यामुळे बहकलेली ठरली, आणि एवढं होऊन त्या बायकांना कामावर घेतलं नाही ते नाहीच.

लेक पास झाली. तेव्हापासून ती गात नाही.

परवा सकाळी मी भांडी घासत होते. गाणं कधी तोंडात आलं, माझं मलाच कळलं नाही. ती धावत स्वयंपाकघरात आली. "मम्मी, धीरे. पड़ोसी सुनेंगे." मग माझा चेहरा बघून, अगदी प्रेमानं म्हणाली, "जब प्लेन जाए ना, तब गा लिया करो."

ते प्रेमच लागलं मला. बाबांनी दगड खाऊन जे चावडीसमोर म्हटलं, ते मी विमानाच्या आवाजाखाली लपवून म्हणायचं!

तेवढ्यात विमान आलंच. मी गप्प राहिले. ते अमौसीकडे उतरलं, खिडकीची काच थरथरायची थांबली. रीतीप्रमाणे सोडलं तिथूनच उचलायचं होतं, पण मी पहिल्या ओळीपासून सुरू केलं, आणि चांगलं मोठ्यानं.

लेक खिडकीशी गेली आणि तिनं खिडकी लावून घेतली. कडी घालताना तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.